तुझं काम खंडित

ऑटोवाल्यांमध्ये बाईंचं नाव चांगलं नव्हतं. संस्थेच्या फाटकाबाहेर जे ऑटो उभे असायचे, त्यातले जुने चालक बाई येताना दिसल्या की तोंड फिरवून मीटर पुसायला लागायचे. कारण असं, की वाटेत एखादं मोठं सर्कल लागलं की बाई हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या, आणि वळण संपत आलं की म्हणायच्या, "इन्नोंद् सल." म्हणजे आणखी एकदा. चालकाला वाटायचं, पत्ता चुकला असेल. तो दुसरी फेरी मारायचा. बाई पुन्हा, इन्नोंद् सल. तिसऱ्या फेरीला चालक आरशातून माझ्याकडं बघून कपाळाजवळ बोट फिरवायचा. मी नुसता हसायचो, सांगणार काय? बाई मात्र कशालाही न धरता, अंग सैल सोडून, सीटवरून हळूहळू घसरत माझ्या बाजूला यायच्या आणि समाधानानं सांगायच्या, "बघ. ढकलत कोण नाही. तरी सरकली."

बाई शास्त्रज्ञ होत्या. म्हैसूरकडच्या, घरची भाषा कन्नड, लग्न केलेलं नाही, पन्नाशी उलटलेली. संस्थेत सगळे मॅडम म्हणायचे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. शिकलेलं बाईमाणूस म्हणजे माझ्या लेखी शाळेतल्या बाईच. पहिल्याच दिवशी तोंडातून तसं गेलं आणि मी जीभ चावली, पण त्या खुलल्या. शिकायला काही वर्षं त्या पुण्यात होत्या. तिथल्या वसतिगृहात स्वयंपाकाला ज्या मावशी होत्या, त्यांनी बाईंना मराठी शिकवलं. त्यामुळं बाईंच्या मराठीला फोडणीचा वास होता. त्यांना हुकूम सोडता यायचे, रागावता यायचं, जेवणाची चौकशी करता यायची. त्यापलीकडं वाक्य अडलं की शेजारून वाटीभर पीठ आणावं तसा एखादा कन्नड शब्द घालून त्या पुढं जायच्या. आणि मावशींचं बोलणं सगळं पोरींशीच, म्हणून बाईंच्या मराठीत पुरुष नव्हताच. तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप मी, मला त्या रोज विचारायच्या, "आली का? जेवली का?" संचालकांविषयी बोलतानाही "ती मेली आज पुन्हा आली होती" असं म्हणायच्या, तेव्हा मी दार लागलंय ना ते बघून घ्यायचो.

मी मूळचा विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईच्या धंद्यात पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी आणि सोनारांच्या दुकानातली झाडलोट तेजाबात घालायची, आगीत घालायची आणि शुद्ध माल वेगळा काढायचा, हा तो धंदा. माझ्या चुलतभावाचं, दादाचं, बेंगलोरात नगर्थपेठेत असं दुकान होतं. दुकान कसलं, एका गल्लीतली आत-आत जाणारी खोली. तेजाबाचा पिवळा-तांबडा धूर तिथं कोंडायचा आणि जायला वाट म्हणजे आमच्या छात्या. दादाला तो मानवला. मला नाही. वर्ष-दीड वर्षात जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, हे काम सोड नाहीतर छाती तरी सोड. गावाकडं जायचं तर तिथं करायचं काय? तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, एका संस्थेत काचेची भांडी धुवायला माणूस पाहिजे, तेजाबाला न भिणारा.

बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. चक्कर येते का? मी भीतभीत नाही म्हणालो. आजारी माणसाला कोण ठेवून घेतं? त्यांनी मला फिरत्या स्टुलावर बसवलं, हातात काचेचं एक भांडं दिलं आणि चांगलं गरगरा फिरवलं. मग म्हणाल्या, उठ, सरळ चाल. मी उठलो आणि सरळ कपाटावर गेलो. भांडं मात्र पोटाशी धरून ठेवलेलं. बाई खूश झाल्या.

"खोटी बोलली," त्या म्हणाल्या. "पण काच नाही फोडली. उद्या ये."

तिथं तेजाबाला स्वतःचं वेगळं काचेचं कपाट होतं, त्याला धुराडं, वर पंखा. मला ती श्रीमंतीची कमाल वाटली. पहिले काही दिवस मी नुसताच त्या पंख्याखाली उभा राहून श्वास घ्यायचो.

आता यंत्राचं सांगतो. तळमजल्यावरच्या बाईंच्या खोलीत, जमिनीत रोवलेल्या दगडी कट्ट्यावर ते बसवलेलं होतं. परातीएवढी एक जाड तबकडी, तिला खालून मोटर, भोवती लोखंडी कडं. तबकडीच्या काठाजवळ एक खाच, आणि त्या खाचेत दोन काचांच्या मध्ये पाण्याचा थेंब. थेंबात बाईंचे जीव. तबकडी जोरात फिरायला लागली की जत्रेतल्या गोल पाळण्यात माणूस बाहेर फेकल्यासारखा होतो ना, तसे ते जीव बाहेरच्या बाजूला ओढले जायचे. आणि वर सूक्ष्मदर्शक. तो जागचा हलायचा नाही. पंचाईत अशी, की गरगर फिरणारा थेंब सूक्ष्मदर्शकातून दिसणार कसा? दिसायचा तो नुसता पांढरा पट्टा. बाईंची अर्धी हयात या एका पंचाइतीत गेली होती. त्यावर त्यांनी दिवा बसवला होता. थेंब बरोबर भिंगाखाली आला की तेवढ्यापुरता तो दिवा लखकन उजळायचा आणि विझायचा. दर फेरीला एकदाच. त्यामुळं डोळ्याला वाटायचं, थेंब जागेवर उभा आहे.

मला हे काही केल्या पटेना. तेव्हा बाईंनी मला व्हरांड्यात नेलं. तिथं एक खांब होता. त्या म्हणाल्या, मी खांबाला फेऱ्या मारते, तू डोळे मीट. मी समोर आली की टाळी वाजवते, तेव्हाच उघड आणि लगेच मीट. मग पदर खोचून त्या खांबाभोवती फिरायला लागल्या. टाळी, डोळे उघडले, बाई समोर. टाळी, पुन्हा बाई समोर, तिथंच. जेवणाच्या सुट्टीला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. शास्त्रज्ञ बाई खांबाभोवती टाळ्या वाजवत पळताहेत आणि भांडी धुणारा गडी डोळे मिटून उभा आहे, असं ते दृश्य.

"हलली का मी?" बाई धापा टाकत विचारत होत्या.

"नाही बाई. जागेवरच हाय."

"हां. आता कळलं."

ते जीव म्हणजे एकाच पेशीचे, चपलेच्या तळव्यासारखे दिसणारे, नुसत्या डोळ्याला धुळीच्या कणाइतकेसुद्धा नाहीत. भाताचं काड उकळून ते पाणी गार करून ठेवलं की त्यात वाढायचे. अंगभर बारीक लव असते, ती वल्ह्यासारखी मारत पोहतात. आणि त्यांची खोड अशी, की बरणीत सोडले की वर-वर जातात. बाईंना याचाच ध्यास होता. कान नाही, पोट नाही, डोकं नाही, तरी वर कुठं आणि खाली कुठं हे हिला कळतं कसं? फिरत्या थेंबातल्या जिवाला बाहेरची बाजू म्हणजेच खाली, म्हणून तबकडी फिरवून खाली ओढणारा जोर हळूहळू वाढवत न्यायचा आणि ती कुठपर्यंत चढत राहते ते बघायचं. "छळायचं नाही," त्या म्हणायच्या. "फक्त विचारायचं. उत्तर आलं की साकु. मशिन बंद." साकु म्हणजे पुरे.

आणि खरोखरच एकदा फिरवलेला थेंब त्या दुसऱ्यांदा फिरवायच्या नाहीत. त्यातले जीव वेगळ्या बरणीत जायचे. त्या बरणीला आम्ही पेन्शनवाल्या म्हणायचो. चांगल्या काडाचं पाणी आधी पेन्शनवाल्यांना, मग बाकीच्यांना. बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते, त्यांनी ही बरणी कशाची म्हणून विचारलं. बाईंनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की त्या बिचाऱ्यांनी मान डोलावून वहीत लिहून घेतलं.

वरच्या मजल्यावरच्यांनी बाईंचं नाव ठेवलं होतं ग्राइंडर मॅडम. यंत्राचा आवाज खरंच पीठ वाटायच्या ग्राइंडरसारखा होता. एक तरुण साहेब जाता-येता दारातून डोकं घालून विचारायचा, "हिट्टु आय्ता, मॅडम?" पीठ झालं का? बाई काही बोलायच्या नाहीत. एके दिवशी त्या डबाभर इडल्या घेऊन आल्या आणि त्या साहेबाच्या खोलीत सगळ्यांना वाढल्या. लोकांनी मिटक्या मारत खाल्ल्या. निम्म्या संपल्यावर बाई म्हणाल्या, पीठ झालंय का असं रोज विचारत होता ना, म्हणून शेवटी त्याच मशिनमध्ये वाटलं. घास तोंडात तसेच राहिले. त्या साहेबानं दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. इडल्या बाईंनी घरीच केल्या होत्या, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

काड आणायला आम्ही शहराबाहेर जायचो. त्या वेळी मारतहळ्ळीच्या पुढं भाताची खाचरं होती, बेळ्ळंदूरच्या बाजूला म्हशी रस्ता अडवून बसायच्या. आज तिथं गेलेला माणूस हे खरं मानणार नाही. पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. बाईंनी कारण विचारलं. मी म्हणालो, हळ्ळी म्हणजे गाव, मराठ्यांची हळ्ळी म्हणजे आपली माणसं असणार, चार शब्द बोलता येतील. बाईंनी बसमध्ये काहीच सांगितलं नाही. तिथं उतरल्यावर मी पहिल्या म्हाताऱ्याला "राम राम पाव्हणं" केलं, त्यानं मला हातवारे करून बसचा थांबा दाखवला. बाई बांधावर बसून हसल्या, आणि मग परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, तुझी आई काय करते, पोरी काय करतात, सगळं सांग, मोठ्यानं सांग, मराठीत. मी व्हाइटफील्डकडून येणाऱ्या त्या रिकाम्या बसमध्ये संस्थेचं फाटक येईपर्यंत बोलत होतो. त्यांना निम्मं कळलं असेल. मला पोरी नाहीत, दोघेही मुलगे, हे तर शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग संस्थेत बोलवा उठली, की रोजंदारीवरची माणसं कमी करणार. मी रोजंदारीवरच होतो. त्याच सुमारास सगळीकडं कॉम्प्युटरचं वारं आलं होतं आणि संचालकांना कॉम्प्युटर ठेवायला बाईंची तळमजल्याची खोली पाहिजे होती. बाई देत नव्हत्या. त्या दगडी कट्ट्याखाली जमीन होती, यंत्र तिथं जराही थरथरत नव्हतं. वरच्या मजल्यावर नेलं तर दिसणारा थेंब हलेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यात आणि संचालकांत बोलणं बंद होतं. अशा बाईंच्या हाताखालचा माणूस पहिला जाणार, हे मला न सांगताही कळत होतं.

माझी झोप उडाली. रोज सकाळी विचारायचं ठरवायचो आणि रोज भांडी धुऊन परत यायचो. शेवटी एका दुपारी बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या, यंत्र सुरू होतं, त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर आला.

"बाई, माझ्या कामाचं काय?"

बाईंनी डोळा काढला नाही. "तुझं काम खंडित," त्या म्हणाल्या. "चिंता करू नको."

मी हात पुसले. खंडित. रेडिओवर सांगतात ना, वीजपुरवठा खंडित. गावाकडं मूर्तीचा हात तुटला तर म्हणतात, मूर्ती खंडित झाली, आता पाण्यात सोडा. इतकं शुद्ध मराठी बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं, वाईट बातमी द्यायची म्हणून मुद्दाम पुस्तकातला शब्द शोधून ठेवला असेल. आणि वर चिंता करू नको, ही समजूत. त्यांना दोष द्यावा असं काही मनात आलं नाही. पेन्शनवाल्यांच्या बरणीत ताजं पाणी घातलं, किल्ली वॉचमनकडं दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या दुकानात उभा राहिलो. दादा वाईट माणूस नव्हता. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं तोंडाला बांधायला फडकं दिलं. संध्याकाळपर्यंत छातीत शिट्टी वाजायला लागली. तो धूर ओळखीच्या माणसासारखा आत आला, जणू मी कुठं गेलोच नव्हतो. या वेळी त्यातून बाहेर पडणं व्हायचं नाही, हे मला दिसत होतं.

तीन-चार दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. बघतो तर बाई. हातगाड्यांमधून वाट काढत, प्रत्येक दुकानात "मराठी, मराठी" असं विचारत येत होत्या. आमच्या दारात आल्या आणि धुरानं दोन पावलं मागं सरकल्या. मग पदर नाकाला लावून आत आल्या.

"तू का नाही आली?"

"बाई, तुम्हीच सांगितलं. काम खंडित."

"हां. खंडित."

"म्हणून तर आलो नाही."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या, मी त्यांच्याकडं. दादा पंधरा वर्षं बेंगलोरात होता. त्याच्या डोक्यात आधी उजेड पडला. हातातली सांडशी खाली ठेवून तो हसायला लागला. "अरे येड्या," तो म्हणाला, "कन्नडात खंडित म्हणजे नक्की. पक्कं. बाई तुला काम पक्कं म्हणाल्या." मग त्यानं कन्नडमध्ये बाईंना सांगितलं, की मराठीत खंडित म्हणजे तुटलेलं. बाई कोळशाच्या पोत्यावर मटकन बसल्या.

"चिंता करू नको म्हटलं ना मी? तरी गेली?"

"मला वाटलं, समजूत घालताय."

मलाही हसू आलं, आणि हसताना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. भिंतीला धरून वाकलो, हातपाय थरथरायला लागले. दादाचं हसणं बंद झालं. बाई पोत्यावरून हलल्या नाहीत. थेंबाकडं बघायच्या तशा, पापणी न हलवता माझ्याकडं बघत होत्या. उबळ ओसरल्यावर उठल्या आणि एकच शब्द बोलल्या, "चल."

आम्ही ऑटोत बसलो. मोठं सर्कल आलं आणि गेलं. बाईंनी डोळे मिटले नाहीत.

पुढच्या महिन्यात मी संस्थेत कायम झालो. दहावी पास पाहिजे ही अट होती, ती माझ्यापुरती कशी सैल झाली कुणास ठाऊक. मी देवाला नारळ फोडला, गावाकडं कळवलं. आणि त्याच आठवड्यात बाईंचं यंत्र तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवायचं ठरलं. मला वाटलं, संचालकांनी जबरदस्ती केली. चौघं मिळून तबकडी वर नेत होतो तेव्हा ऑफिसातला कारकून जिन्यात भेटला. तो हुबळीचा, मराठी चांगलं बोलायचा. म्हणाला, जपून न्या रे, तुझी नोकरी आहे ती. मला कळेना. मग त्यानं सांगितलं. बाई त्या दिवशी नगर्थपेठेतून थेट संचालकांच्या खोलीत गेल्या होत्या. खोली घ्या म्हणाल्या, आणि तावातावात मराठीतच, हिला कायम करा. संचालकांना 'हिला' म्हणजे कोणाला हे समजावून घ्यायलाच वेळ लागला म्हणे.

म्हणजे त्या दुपारी बाईंनी मला पक्कं सांगितलं तेव्हा काहीच पक्कं नव्हतं. त्यांनी तसं ठरवलं होतं, एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर बरोबर डोक्यावर पाण्याची टाकी होती. यंत्र तिथं सुरू केलं आणि बाईंना जी भीती होती तेच झालं. दिवा वेळेवर उजळत होता, थेंब बरोबर भिंगाखाली येत होता, पण चित्र थरथरत होतं. आम्ही टेबलाखाली स्कूटरच्या ट्यूब हवा भरून ठेवल्या, त्यानं अर्धं भागलं. उरलेली थरथर खालच्या पंपाची होती. तो पाणी चढवायला लागला की नळातून सगळी इमारत गुणगुणायची, आणि तो नेमका बाईंच्या कामाच्या वेळी लागायचा. बाई डोळा लावायच्या, काढायच्या, चष्मा पुसायच्या, पुन्हा लावायच्या. माझ्यानं बघवेना.

"बाई," मी एका सकाळी म्हणालो, "माझ्यापायी खोली द्यायला नको होती. बघा की कसं थरथरतंय."

बाईंनी या वेळी डोळा बाजूला घेतला.

"मशिन थरथरते, ते बघता येतं," त्या म्हणाल्या. "तू थरथरत होती, ते नाही बघता आलं." मग पुन्हा वाकल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उभी काय राहिली? काम कर."

मी बाहेर आलो. जिना उतरलो. मधे कुठं दम खायला थांबावं लागलं नाही. पंपाच्या खोलीत पंपवाला बाकावर बिडी ओढत बसला होता. संस्थेत आल्यापासून मी त्याच्याशी कधी मान वर करून बोललो नव्हतो. त्याच्याशी काय, कुणाशीच. जे सांगतील ते करायचं आणि दिसायचं नाही, हा माझा नियम. मी दारात उभा राहून, जमेल तसं कन्नडमध्ये सांगितलं, की पंप बंद करा, वर बाईंचं काम चाललंय, दुपारी चालू करा.

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"नीन् यारय्या हेळोक्के?" सांगणारा तू कोण बाबा?

उत्तर तयार होतं, आणि या वेळी शब्द चुकायची भीती नव्हती.

"नानु इल्लियवने," मी म्हणालो. मी इथलाच.

त्यानं बिडी विझवली, उठला आणि खटका खाली ओढला.